आयव्हीएफनंतरचा बीटा एचसीजी: आकडा कसा वाचावा

आयव्हीएफ उपचारात, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेले भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर, साधारण नऊ ते बारा दिवसांनी एक रक्ततपासणी केली जाते. मुंबईत तिचा क्रम बहुतेकांच्या बाबतीत सारखाच असतो: सकाळी दादर, ठाणे किंवा बोरिवलीच्या एखाद्या लॅबमध्ये रक्त दिले जाते, दुपारी फोनवर अहवाल येऊन पडतो, आणि डॉक्टरांशी बोलणे मात्र संध्याकाळची ओपीडी आटोपल्यावरच होते. मधले चार-पाच तास ते जोडपे आणि तो आकडा यांच्याखेरीज कोणी नसते. समजा, अहवालात ‘बीटा एचसीजी ८७’ असे लिहिलेले आहे. हा आकडा चांगला की वाईट? शोधायला बसावे, तर एका स्त्रीला ६२ असताना सुखरूप बाळ झालेले असते आणि दुसरीचा ३१० असूनही गर्भ टिकलेला नसतो. या दोन्ही हकिकती पूर्णपणे खऱ्या असू शकतात, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे कळले तर त्या चार-पाच तासांतली घालमेल थोडी तरी कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

एचसीजी हे संप्रेरक भ्रूणाच्या बाहेरच्या थरातील पेशी तयार करतात. याच पेशींपासून पुढे वार तयार होते. बीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात जो पीतपिंड उरतो, तो प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरतो. गर्भ राहिला नाही तर हा पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत सुकतो आणि पाळी येते. भ्रूण रुजले की त्याचे एचसीजी पीतपिंडाला जिवंत ठेवते, आणि सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनचे काम वारेकडे जाईपर्यंत ही व्यवस्था चालू राहते. म्हणजे रक्तात सापडलेले एचसीजी हे, काही अपवाद वगळता, ‘भ्रूण रुजू लागले आहे’ याचे थेट चिन्ह असते. या संप्रेरकाचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात. अल्फा भाग बीजांडकोशाला चालना देणारी एलएच व एफएसएच आणि थायरॉइडला चालना देणारे टीएसएच या तिन्ही संप्रेरकांतही तसाच असल्यामुळे जुन्या चाचण्यांत गल्लत होत असे. १९७२ साली अमेरिकेतील ज्युडिथ वैतुकैतिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा भाग ओळखणारी तपासणी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून दवाखान्यात नुसते ‘बीटा’ म्हटले तरी सर्वांना कळते.

पहिल्या आकड्याचा अर्थ बराचसा एका प्रश्नावर अवलंबून असतो: भ्रूण नेमके केव्हा रुजले? आयव्हीएफमध्ये बीज कोणत्या दिवशी काढले आणि भ्रूण कोणत्या दिवशी सोडले, हे आपल्याला अचूक माहीत असते. परंतु सोडणे आणि रुजणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दुसरीची वेळ बाहेरून दिसत नाही. नैसर्गिकरीत्या दिवस गेलेल्या स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांत एचसीजी मोजून अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. निदान सहा आठवडे टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांमध्ये बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी भ्रूण रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्या गर्भांपैकी १३ टक्के लवकरच संपुष्टात आले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के, अकराव्या दिवशी रुजलेल्यांत ५२ टक्के आणि त्यानंतर रुजलेल्यांत ८२ टक्के होते. अभ्यास नैसर्गिक गर्भधारणांचा असल्याने त्यातील टक्केवारी आयव्हीएफला जशीच्या तशी लावता येणार नाही. तरीही पहिल्या बीटाच्या आकड्याला भाकीत म्हणून जी काही किंमत आहे, ती कोठून येते, हे यातून उत्तम रीतीने उलगडते. उशिरा रुजलेल्या भ्रूणाचा आकडा तपासणीच्या दिवशी लहान असतो, आणि उशिरा रुजणे हे काही वेळा भ्रूणाच्या किंवा अस्तराच्या अडचणीचे लक्षण असते. मात्र, नेहमीच नसते. सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी इतक्या वेगाने वाढते की एका दिवसाच्या फरकानेही आकडा दीडपट इकडेतिकडे होतो. म्हणून पूर्णपणे निरोगी असलेल्या दोन गर्भांमध्ये, केवळ रुजण्याची वेळ दीड-दोन दिवसांनी वेगळी असल्यामुळे, त्याच दिवशी एकीचा आकडा १८० आणि दुसरीचा ९० येऊ शकतो.

याच ठिकाणी लॅबच्या अहवालाखाली छापलेला तक्ता मोठा गोंधळ घालतो. त्यात आठवड्यांसमोर आकडे असतात. अनेक तक्त्यांत चौथ्या आठवड्यासमोर ५ ते ४२६ आणि पाचव्या आठवड्यासमोर १८ ते ७,३४० असा पल्ला दिलेला असतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात, भ्रूण सोडल्यापासून नव्हे. आयव्हीएफमध्ये बीज काढण्याचा दिवस म्हणजे दोन आठवडे पूर्ण, असे धरतात. त्यामुळे पाच दिवसांचे भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, सोडले असेल तर त्या दिवशी दोन आठवडे आणि पाच दिवस झालेले असतात आणि त्यानंतर नवव्या दिवशी बरोबर चार आठवडे भरतात. तीन दिवसांचे भ्रूण सोडले असेल, तर चार आठवडे अकराव्या दिवशी भरतात. मैत्रिणीच्या ‘नवव्या दिवसाच्या’ आकड्याशी आपला ‘नववा दिवस’ ताडून पाहण्याआधी तिचे भ्रूण किती दिवसांचे होते, हे विचारले पाहिजे. आणि हे सारे हिशेब नीट केले तरी ५ ते ४२६ हा पल्ला इतका प्रशस्त आहे की ‘आकडा तक्त्यात बसतो’ या वाक्यातून कोणालाही फारसे काही कळत नाही. असा तक्ता कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय रुग्णाच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही.

आता भाकिताकडे वळू. पहिल्या आकड्यावरून गर्भ टिकेल की नाही हे ओळखता येते का, यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि सर्वांचा सूर साधारण सारखा आहे: आकडा जितका मोठा, तितकी गर्भ टिकण्याची शक्यता अधिक. बीज काढल्यानंतर चौदाव्या दिवशी १०० च्या वर असलेला आकडा बहुतेक केंद्रे आश्वासक मानतात, आणि ५० च्या खाली असेल तर डॉक्टर अधिक सावधपणे बोलतात. पण ही सीमारेषा प्रत्येक अभ्यासात वेगळी निघते, कारण टिकलेल्या आणि न टिकलेल्या गर्भांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. रेषा कोठेही ओढली तरी दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकारच्या स्त्रिया राहतातच.

हे एका उदाहरणाने पाहू. त्यातले आकडे केवळ समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, बीटा पॉझिटिव्ह आलेल्या २०० स्त्रिया आहेत. त्यांपैकी १४० जणींचा गर्भ पुढे टिकणार आहे आणि ६० जणींचा टिकणार नाही. टिकणाऱ्यांपैकी ८५ टक्के, म्हणजे ११९ जणींचा आकडा १०० च्या वर आहे. न टिकणाऱ्यांपैकीही ३० टक्के, म्हणजे १८ जणींचा आकडा १०० च्या वर आहे. तेव्हा शंभरीच्या वर एकूण १३७ स्त्रिया झाल्या आणि त्यांपैकी ११९ जणींचा, म्हणजे सुमारे ८७ टक्क्यांचा गर्भ टिकला. शंभरीच्या खाली ६३ स्त्रिया उरल्या. त्यांत टिकलेल्या २१, म्हणजे एक तृतीयांश. ‘तुमचा आकडा कमी आहे’ हे वाक्य ऐकून घरी गेलेल्या दर तीन स्त्रियांपैकी एकीचा गर्भ या उदाहरणात व्यवस्थित वाढणार आहे. आता तपासणी तीच, सीमारेषा तीच, पण स्त्रियांचा गट असा घेऊ की ज्यात वय अधिक असल्यामुळे २०० पैकी १०० जणींचाच गर्भ टिकणार आहे. मग शंभरीच्या वरच्या ११५ जणींपैकी ८५, म्हणजे ७४ टक्के टिकतील; खालच्या ८५ जणींपैकी केवळ १५, म्हणजे १८ टक्के. तोच आकडा असूनही स्त्री कोणत्या गटातली आहे त्यानुसार त्याचा अर्थ बदलला. म्हणून एकोणतीस वर्षांच्या स्त्रीचा ९० आणि त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीचा ९० हे कागदावर सारखे दिसले तरी सारखे नसतात.

वयाचा हा परिणाम काल्पनिक नाही. नॉर्वेतील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भपाताचे प्रमाण पंचविशी ते तिशीच्या दरम्यान सर्वांत कमी, सुमारे १० टक्के होते आणि पंचेचाळिशीनंतर ते निम्म्याहून अधिक झाले. याचे मोठे कारण म्हणजे गुणसूत्रांतील दोष. सुरुवातीच्या काळात होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये तो आढळतो. गुणसूत्रांचा दोष असलेले भ्रूणही वेळेवर रुजून भरपूर एचसीजी तयार करू शकते, आणि म्हणूनच ३१० असा भक्कम आकडा आलेल्या स्त्रीचाही गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यात थांबू शकतो. एचसीजी वारेच्या पेशींची हालचाल सांगते. भ्रूणाची गुणसूत्रे त्याला दिसत नाहीत.

एका आकड्याने जे कळत नाही ते दोन आकड्यांनी बरेचसे कळते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात रुग्णाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे. दादरच्या फलाटावर उभे राहून लोकल अजून आली नाही एवढेच पाहिले, तर ती विरारहून उशिरा सुटली आहे की वाटेत रखडत येत आहे, हे सांगता येत नाही. दोन स्थानकांवरच्या वेळा कळल्या की लगेच सांगता येते. त्याचप्रमाणे ४८ तासांच्या अंतराने दोनदा बीटा तपासला, तर उशिरा रुजलेला पण जोमाने वाढणारा गर्भ आणि मुळातच मंदावलेला गर्भ यांत फरक करता येतो. पूर्वी ‘दोन दिवसांत किमान ६६ टक्के वाढ हवी’ असा नियम होता. तो १९८१ च्या एका लहान अभ्यासातून आला होता. २००४ साली कर्ट बार्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की टिकणाऱ्या गर्भांमध्ये दोन दिवसांतील मध्यक वाढ (निम्म्या स्त्रियांत याहून अधिक, निम्म्यांत कमी) सुमारे १२४ टक्के असली, तरी केवळ ५३ टक्के वाढ असलेले गर्भही टिकू शकतात. पुढे २०१६ साली याच गटाने ही किमान मर्यादा पहिल्या आकड्यानुसार बदलते असे मांडले: पहिला आकडा १,५०० च्या खाली असेल तर ४९ टक्के, १,५०० ते ३,००० असेल तर ४० टक्के आणि त्याहून अधिक असेल तर ३३ टक्के. म्हणजे आकडा दुप्पट झाला नाही म्हणून लगेच आशा सोडण्याचे कारण नाही. आपल्या उदाहरणातील ८७ चे दोन दिवसांनी १९० झाले तर उत्तम. १३५ झाले तरी ते किमान मर्यादेच्या वर आहे, पण अशा वेळी आणखी एक तपासणी हवी. ९५ झाले तर मात्र काळजीचे कारण आहे. ही मर्यादा ओलांडली म्हणजे गर्भ टिकेलच, असाही तिचा अर्थ नाही. तिच्याहून कमी वाढ असणारे गर्भ क्वचितच टिकतात, एवढेच ती सांगते.

ही टक्केवारी ४८ तासांचीच आहे, याकडे बारकाईने पाहावे. मंगळवारी सकाळी सातला रक्त दिले आणि नोकरीच्या सोयीने बुधवारी संध्याकाळी सातला पुन्हा दिले, तर मधले अंतर ३६ तासांचे होते. तेवढ्या वेळात ५३ टक्क्यांच्या वेगाने वाढणाऱ्या गर्भाचा आकडा सुमारे ३८ टक्केच वाढलेला दिसेल. उलट मध्ये रविवार आल्यामुळे ७२ तास गेले, तर त्याच वेगाने वाढ ८९ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवी. अहवालावर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते. ती पाहूनच हिशेब करावा. दोन्ही नमुने शक्यतो एकाच लॅबमध्ये द्यावेत, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर आणि किटवर तोच नमुना थोडा वेगळा आकडा दाखवतो, आणि आकडे लहान असताना तेवढ्या फरकानेही अर्थ बदलू शकतो.

आकडा चुकवणाऱ्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ताज्या चक्रात, म्हणजे भ्रूण न गोठवता त्याच चक्रात सोडायचे असते तेव्हा, बीज परिपक्व करण्यासाठी ट्रिगरचे इंजेक्शन देतात आणि ते बहुधा एचसीजीचेच असते, पाच किंवा दहा हजार युनिटचे. ते शरीरातून पूर्ण निघून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. त्यामुळे अधीरतेने सातव्या-आठव्या दिवशी घरीच लघवीची पट्टी वापरली आणि तिच्यावर दोन रेषा उमटल्या, तर त्या इंजेक्शनच्याही असू शकतात. हार्मोनच्या गोळ्यांवर अस्तर तयार करून गोठवलेले भ्रूण सोडले असेल, तर ट्रिगर दिलेलेच नसते आणि ही शंका उरत नाही. दुसरी गोष्ट बायोटिनची. केस गळतात म्हणून अनेक स्त्रिया बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. काही प्रकारच्या यंत्रांवर त्यामुळे बीटाचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आणि लॅबला आधीच सांगावे.

एक शक्यता मात्र अशी आहे की जिच्या बाबतीत आकड्यांवर विसंबून राहणे जिवावर बेतू शकते, आणि ती म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजणे. ‘भ्रूण तर गर्भाशयातच सोडले होते, मग नलिकेत कसे जाईल?’ असे अनेकांना वाटते. परंतु सोडलेले भ्रूण रुजण्यापूर्वी नलिकेकडे सरकू शकते. आयव्हीएफच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच असा प्रसंग घडला. आयव्हीएफचे प्रवर्तक पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९७६ साली नोंदवलेली गर्भधारणा गर्भनलिकेत होती. त्यांना पहिले बाळ पाहायला मिळाले ते १९७८ साली, आणि आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. गर्भनलिकेतील गर्भात बीटा बहुधा संथ वाढतो किंवा संथ उतरतो, पण सुमारे पाचपैकी एका वेळी तो अगदी निरोगी गर्भासारखाच वाढतो. म्हणून बीटा ‘छान’ वाढत असला तरी सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसेपर्यंत खात्री मानू नये. ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर किंवा मूर्च्छा, रक्तस्राव यांपैकी काही झाले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावे. मध्यरात्र असली तरी जावे.

जुळ्यांविषयी थोडक्यात: जुळी असताना बीटा सरासरीने मोठा असतो, पण एकेरी गर्भाचाही आकडा तितका मोठा असू शकतो, त्यामुळे आकड्यावरून जुळे ओळखण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

काही ठिकाणी बीटाबरोबर प्रोजेस्टेरॉनही तपासतात. नैसर्गिक गर्भधारणेत फार कमी प्रोजेस्टेरॉन हे गर्भ न टिकण्याचे बऱ्यापैकी विश्वासार्ह लक्षण आहे, पण आयव्हीएफमध्ये हे संप्रेरक बहुधा बाहेरूनच दिले जाते. योनीमार्गे दिलेले औषध गर्भाशयाला पुरेसे पोचत असूनही रक्तात कमी दिसू शकते, आणि तोंडाने घेतलेले डायड्रोजेस्टेरॉन तर या तपासणीत मोजलेच जात नाही. ज्या स्त्रीला तेवढ्याच गोळ्या चालू आहेत, तिचा कमी आलेला आकडा पाहून घाबरण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना विचारावी.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी, दिसू लागते आणि साधारण सहा ते साडेसहा आठवड्यांना हृदयाचे स्पंदन दिसते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार, बीटाच्या कोणत्या पातळीला सॅक दिसायलाच हवी हे ठरवायचे झाल्यास ती मर्यादा ३,५०० इतकी सावध ठेवावी. त्याआधी सॅक दिसली नाही म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. एकदा स्पंदन दिसले की बीटाचे काम संपते. त्यानंतर तो मोजत राहण्यात अर्थ नाही, कारण आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान शिखर गाठून तो आपोआप उतरतो आणि तो उतार पाहून विनाकारण धसका बसतो.

बीटा वाढून सॅक दिसण्याआधीच उतरला, तर त्याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. नैसर्गिक गर्भधारणांतही हे वारंवार घडते. विल्कॉक्स यांच्याच १९८८ च्या अभ्यासात २२ टक्के गर्भ पाळी चुकल्याची स्पष्ट जाणीव होण्याआधीच संपले होते. त्या स्त्रियांना ते एरवी कळलेही नसते. आयव्हीएफमधील स्त्रीला मात्र अहवालामुळे कळते आणि तिचे दुःख खरे असते. जिना चढल्यामुळे, लोकलमध्ये धक्का लागल्यामुळे, पपई खाल्ल्यामुळे किंवा कामावर गेल्यामुळे हे घडत नाही, ही गोष्ट तिच्या घरच्यांनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, समजून घेतली पाहिजे.

आकडा कमी आला म्हणून स्वतःच्या मनाने औषधे थांबवू नयेत. गोठवलेल्या भ्रूणाच्या ज्या चक्रात अस्तर हार्मोनच्या गोळ्यांवर तयार केलेले असते, त्यात पीतपिंड तयारच झालेला नसतो, त्यामुळे वार काम हाती घेईपर्यंत गर्भाचा सारा आधार बाहेरून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनवर असतो, आणि ते थांबले तर वाढू शकणारा गर्भही संपू शकतो. संध्याकाळी डॉक्टर भेटतील तेव्हा चार गोष्टी विचाराव्यात: आज नेमके किती आठवडे आणि दिवस झाले आहेत, दुसरा नमुना किती वाजता द्यायचा, पहिली सोनोग्राफी कोणत्या तारखेला, आणि तोपर्यंत कोणती औषधे त्याच मात्रेत चालू ठेवायची. दुसऱ्या नमुन्यात आकडा उतरला, तर औषधे डॉक्टर स्वतः थांबवायला सांगतात आणि बहुधा काही दिवसांत पाळी येते. बीटा ५ च्या खाली जाईपर्यंत तो तपासून घ्यावा लागतो, कारण गर्भनलिकेतील गर्भाची शंका तोवर पूर्णपणे मिटलेली नसते.